रूपाच्या ढावल्याची कॅसेट

माझ्या थोरल्या बहिणीचा एकही फोटो उरलेला नाही. लग्नातला एक होता, तो तिच्या सासरी भिंतीवर लावलेला असायचा. ती गेल्यावर तीन वर्षांनी मला त्याच घरात नांदायला पाठवलं, तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. फोटो कुठं गेला म्हणून मी नवऱ्याला एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही, एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

उरली ती एक कॅसेट. तिच्यात रूपाचा ढावलो आहे.

ढावलो म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्ली आमच्या तांड्यातही डीजे लागतो आणि नवरी कॅमेरा चालू झाला की रडते. पूर्वी नवरी सासरी निघाली की घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडायची. आधी आई, मग बाप, मग भाऊ, बहीण, मग बाकीच्या बाया. ज्याचं त्याचं कडवं वेगळं. लग्नाआधी महिनाभर म्हाताऱ्या बाया नवरीला घेऊन बसायच्या आणि शब्द शिकवायच्या. माझं अंगण सुटलं, माझी गाय मला शोधेल, मला परक्याच्या दारी का धाडता, हे सगळं ठरलेलं. त्यामुळं शब्दांकडं कुणाचं ध्यान नसतं. गळा ऐकायचा, हुंदका कुठं घेतला ते बघायचं आणि घरी जाताना कुणाच्या पोरीचा ढावलो चांगला झाला, कुणाचा पडला, यावर चघळत बसायचं. यात आमची माणसं फार पटाईत आहेत.

रूपाचा ढावलो असा झाला की औंढ्याच्या बाजूच्या चार तांड्यांत तिचं नाव झालं. सन नव्वदची गोष्ट. माझ्या मामानं हिंगोलीहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यानं सगळं टेप केलं. पुढं लोकांनी त्याच्या कॉप्या काढून नेल्या. दुसऱ्यांच्या पोरींना शिकवताना ती कॅसेट लावायचे आणि म्हणायचे, रडायचं तर रूपासारखं. ती लग्नानंतर चौदा महिन्यांनी सासरच्या विहिरीत पडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सांगण्यात आलं. तिच्या मागं कॅसेटची मागणी वाढली.

रूपाचं ते लग्न साटंलोटं होतं. आमच्याकडून रूपा लालसिंगला दिली आणि लालसिंगची बहीण भिकाबाई माझ्या भावाला, थावराला केली. एकाच मांडवात दोन्ही. रूपा गेली तेव्हा भिकाबाईच्या मांडीवर लेकरू होतं. तिकडून निरोप आला की धाकटी द्या, नाहीतर आमची बहीण आम्ही घेऊन जातो. तीन वर्षं थांबले, तेवढा मोठेपणा त्यांच्याकडं होता. मला पंधरावं सरलं नव्हतं. ज्याला मी दाजी म्हणत होते तो माझा नवरा झाला. तोंडावर मी त्याचं नाव घेत नाही, पण कागदावर घ्यायला कुणाची भीती? लालसिंग पाटकरी होता, सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी सोडायचा. आता रिटायर होऊन हिंगोलीच्या घरात टीव्हीपुढं बसलेला असतो. हल्ली हात उचलत नाही. सुधारला म्हणून नाही, त्याचा खांदा दुखतो.

तर त्या कॅसेटमध्ये एक कडवं माझं आहे. रूपा सगळ्यात जास्त वेळ माझ्याच गळ्यात पडली होती, दोन बायांनी ओढून सोडवली, हे मला प्रत्येकानं सांगितलंय. मी दहा वर्षांची होते. कानाशी डफडं वाजत होतं आणि माझं सगळं लक्ष नव्या फ्रॉककडं होतं. तिच्या रडण्यानं तो ओला होऊन राहिला म्हणून मला राग आला होता. ती काय म्हणाली त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही. कॅसेटमध्येही ते नीट येत नव्हतं. डफडं, गलका आणि मधून लांबवलेला सूर.

एवढी एकच गोष्ट मला हवी होती. तीस-पस्तीस वर्षं हवी होती. पाठीवर मार बसला की मी भिंतीकडं तोंड करून ते कडवं मनातल्या मनात जुळवायची. कधी त्यात ती म्हणायची, मिना, शाळा सोडू नको. कधी म्हणायची, याडीकडं बघ, ती एकटी पडेल. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. मीच शब्द घालायची आणि मीच रडायची, पण त्यावर दिवस निघायचे.

याडी, म्हणजे जिवनबाई, दोन वर्षांपासून माझ्याकडं आहे. थावराच्या नव्या स्लॅबच्या घरात सहा खोल्या आहेत, पण म्हातारीचा खोकला त्यातल्या एकीतही मावला नाही. भिकाबाईनं तिची पत्र्याची पेटी ऑटोत ठेवली आणि ऑटोवाल्याला माझा पत्ता दिला. त्या पेटीत फडक्यात गुंडाळलेली कॅसेट होती. रूपाच्या दिवसाला याडी ती बाहेर काढते, कपाळाला लावते, हळदकुंकू वाहते आणि परत गुंडाळते. लावत नाही. लावायला घरात टेप नव्हताही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारणीनं घर आवरताना जुना टेप भंगारात काढला, तो मी मागून घेतला. माझी पोरगी ऐश्वर्या पुण्याला नोकरी करते. तिनं तिचा जुना लॅपटॉप, एक केबल आणि जुन्या कॅसेटा घरी कशा दुरुस्त करायच्या त्याचे व्हिडिओ पाठवले. मी ब्लाऊज शिवते. शिलाईच्या मशिनीचे स्क्रू उघडून उघडून माझी बोटं तयार आहेत, म्हटलं हे काय अवघड आहे.

याडीनं कॅसेट द्यायला चार दिवस लावले.

"काहून उघडून राहिली तू ती?" ती म्हणायची. "हाय तशी बरी हाय."

"बुरशी धरली याडी. आणखी दोन वर्सांत पट्टीचा भुगा होईल."

"होऊ दी. मी तरी कुठं राहून राहिले दोन वर्सं?"

"मला तिचा आवाज ऐकायचाय."

"आवाज हाय की तिच्यात. उघडली का बदलंल. माझ्या लेकरानं हात लावल्याली वस्तू हाय ती."

मला भरून आलं. वाटलं, बघा, आईची माया. पोरीची एकच खूण उरली, ती तुटेल म्हणून हिचा जीव वरखाली होतोय. मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला की जुनं काहीच फेकणार नाही, डबी तशीच ठेवीन, तिच्यावरचं कुंकूसुद्धा पुसणार नाही. पाचव्या दिवशी ती झोपली असताना मी पेटीतून कॅसेट काढली. विचारून मिळत नव्हती म्हणून घेतली, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आत बघितलं तर पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी होती. मधला फेल्टचा तुकडा गळून पडला होता. एके ठिकाणी पट्टी तुटलेली आणि कुणा शहाण्यानं साधी चिकटपट्टी लावून जोडलेली, तिचा गोंद सुटून शेजारच्या वेढ्यांना लागलेला. मी परसात बसून, नाकाला रुमाल बांधून, मऊ फडक्यातून सगळी पट्टी हातानं फिरवली. दोन दुपारी त्यात गेल्या. गोंद स्पिरिटच्या बोळ्यानं काढला, तुटकी टोकं ब्लेडनं तिरपी कापली आणि ऐश्वर्यानं पाठवलेल्या खास पट्टीनं पाठीमागून सांधली. मग दुसऱ्या कॅसेटची रिकामी डबी घेऊन तिच्यात ती बसवली. जुनी डबी मामाच्या अक्षरातल्या कागदासकट फडक्यात गुंडाळून परत पेटीत ठेवली. याडीला कळू नये म्हणून तर ठेवलीच, पण दिलेला शब्दही पाळला.

तिसऱ्या दुपारी लालसिंग हळदीच्या मार्केटात कुणाला तरी भेटायला गेला होता आणि याडी आत पडलेली होती. मी लॅपटॉपला केबल लावली, कानाला हेडफोन लावले आणि टेप चालू केला. तेच डफडं, तोच गलका. रूपाचा सूर आला, पण तोंडात कापूस धरून बोलावं तसा. मला रडायला येईना, उलट चीड आली. एवढं करून मिळालं काय, तर जे सगळ्या तांड्यांनी ऐकलं तेच.

व्हिडिओतल्या माणसानं एक सांगितलं होतं. टेपच्या हेडजवळ, म्हणजे पट्टी घासत जाते त्या तुकड्याजवळ, एक बारीक स्क्रू असतो. ज्या मशीनवर टेप केलं तिचं हेड जरा तिरकं असेल तर दुसऱ्या मशीनवर सूर येतो, अक्षरं येत नाहीत. तो स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि कान लावून बसायचं. मामाच्या टेपचं हेड तिरकं असणार. मी सगळ्यात लहान पेचकस घेतला आणि स्क्रू केसभर फिरवला. आणखी केसभर फिरवला. एकदम डफडं मागं गेलं आणि रूपा माझ्या कानात बोलायला लागली.

पट्टी मागं घेतली आणि सुरुवातीपासून लावली. आमची बोली मी इथं मराठीत लिहिते आहे. चाल जुनीच होती, पण म्हाताऱ्यांनी शिकवलेलं एक अक्षर तिनं घेतलं नव्हतं. अंगण नाही, गाय नाही.

याडीच्या गळ्यात पडून ती गात होती. "याडी, होळीला मी त्याला गमतीनं काठी मारली, सगळ्या बाया मारतात तशी मारली. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीमागं त्यानं मला ती परत केली. याडी, मी तुला चोळी सोडून पाठ दाखवली. तू तिच्यावर हळद लावलीस. लोक म्हणाले नवरीची हळद. ते वळ होते गं याडी, तू वळ झाकलेस."

त्या होळीला लालसिंग आमच्या तांड्यात आला होता, आणि होळीनंतर बाराव्या दिवशी त्यांचं लग्न झालं.

मग बापू. "बापू, तुम्हाला सांगितलं तर याडी विष खाईन म्हणाली, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते, तर तुम्ही मान दुसरीकडं करता." मग थावरा. "दादा, तुझी नवरी दारात उभी आहे, तिच्यासाठी मला देऊन टाकलं. तुझं घर भरू दे. मला विसरू नको." थावराचा हुंदका टेपमध्ये आला आहे. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. ज्याच्या कानाशी ती गायली त्यानं त्यानं आपापलं कडवं ऐकलंच असणार, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग माझं नाव आलं.

"मिना, माझी लहानी, मी काही जगत नाही. मी मेले की हे तुला मागायला येतील. येऊ नको. याडीनं धाडलं तरी येऊ नको. झाडाला मिठी मार, चाव, ओरबाड, रानात पळून जा, पण या घरी येऊ नको. याडी, तू ऐकतेस ना? मिनाला देऊ नको. मला दिलंस ते दिलंस, हिला देऊ नको."

आणि लगेच, टेपच्या अगदी जवळून, याडीचा आवाज. "बस कर. गप. लोक ऐकून राहिले." मग झटापट झाल्याची खरखर, आणि मागून कुणी तरी बाई मोठ्यानं म्हणाली, "काय ग्वाड गळा हाय पोरीचा!"

मी हेडफोन काढले आणि परसात गेले.

मला काय वाटलं ते सरळच लिहिते. रूपाची कीव आली नाही, ती नंतर आली. आधी राग आला, आणि तो लालसिंगचाही नव्हता. तो कसा आहे ते मला तीस वर्षांपासून माहीत आहे, त्यात नवीन काही नव्हतं. राग आला आत खाटेवर पडलेल्या म्हातारीचा. माझ्या बहिणीनं मरायला जाताना माझ्यासाठी भर मांडवात पदर पसरला होता. तो हिच्यापुढं पसरला होता. आणि हिनं चार वर्षांनी मला नवं लुगडं नेसवलं, वेणी घातली आणि त्याच घरी धाडलं. त्या दिवशी माझा ढावलो पडला असं लोक म्हणाले होते. मला रडताच येत नव्हतं.

याडी उठून बसली होती. मी तिच्याजवळ गेले, हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि लावलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज पूर्ण मोठा केला. ती आधी घाबरली, मग तिनं ओळखलं. तिचं तोंड बघत मी समोर बसले. स्वतःच्या आईचं तोंड असं बघत बसणं चांगलं नाही, पण मी बघितलं. हळदीच्या ओळीला तिचा हात हेडफोनकडं गेला. तो मी धरून खाली ठेवला. माझ्या कडव्याला तिनं डोळे मिटून घेतले. संपल्यावर मी हेडफोन काढले.

"तुला म्हाईत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"सगळं ऐकलं होतंस."

"माझ्याच तर गळ्यात पडली व्हती. ऐकू न्हाई येणार?"

"मग मला काहून धाडलंस?"

तिनं नाक पुसलं. मला वाटलं होतं ती छाती बडवून घेईल, पाया पडेल. तिनं मला लहान लेकराला समजावावं तसं समजावलं.

"भिकाबाईला न्यायला आले व्हते ते. थावराचं पोरगं अंगावर पीत व्हतं. घर मोडलं असतं त्याचं."

"आणि माझं काय?"

"तू जगलीस की," याडी म्हणाली. "बघ, जगलीस. तुला पोरगी झाली. रूपाच हट्टाची व्हती. तू शाणी."

मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. मारलं नाही. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. या घरात मारणाऱ्याचा हात कसा दिसतो ते मला माहीत आहे आणि तो मला माझ्या खांद्याला नको होता. मी नुसती उठले. तेव्हा तिनं माझा पदर धरला.

"मिना, एक ऐक. थावराला हे ऐकवू नको. त्याच्या जिवाला लागंल. त्याला बीपी हाय."

तिला ज्यानं ऑटोत घालून पाठवलं त्याचा बीपी. मी पदर सोडवून घेतला आणि लॅपटॉपपुढं बसले. खरखर काढली, डफडं खाली घेतलं, रूपाचा आवाज वर आणला. ऐश्वर्यानं शिकवलं होतं तसं सगळं नीट केलं. इतकं मन लावून मी कुणाच्या लग्नाचा ब्लाऊजही शिवला नसेल. एकेक शब्द ठणठणीत आला पाहिजे, कुणाला म्हणता येऊ नये की समजलं नाही. संध्याकाळी पाच वाजता मी तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. एकसष्ट माणसं आहेत त्यात. मामाची पोरं, चुलते, आत्या, थावरा, भिकाबाई. जावई म्हणून लालसिंगसुद्धा. वर एवढंच लिहिलं: रूपाबाईचा ढावलो, साफ करून. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐका.

मग मोबाइल हातात धरून बसले. याडी समोर खाटेवर, तिचेही डोळे मोबाइलवर. बारा मिनिटांचा ढावलो आहे. बारा मिनिटांनी या लोकांची तोंडं काळी पडतील असं मला वाटत होतं. कुणीतरी फोन करेल. कुणीतरी विचारेल, मिना, हे काय आहे. एकानं विचारलं असतं तरी चाललं असतं.

पहिली आली ती मामाच्या सुनेची रडणारी तोंडं, रांगेनं सात. मग हात जोडलेले. मग एका चुलत्यानं लिहिलं, जुनं ते सोनंच, आता असा ढावलो होणे नाही. दुसऱ्यानं लिहिलं, शब्द काय बसवलेत, ऐकून काटा आला. ऐश्वर्यानं पाच लाल बदाम पाठवले आणि लिहिलं, मम्मी किती क्लिअर केलंस गं, मावशीचा आवाज भारी होता, अर्थ मला नंतर सांग. तिला आमची बोली येत नाही. तांड्याची बोली शाळेत अडचण करते म्हणून मीच तिला शिकवली नव्हती.

थावरानं आवाजाचा मेसेज टाकला. मी तो याडीला ऐकू जाईल असा लावला.

"मिना, लय झक्कास काम केलं बग. रूपाबाई डोळ्यापुढं हुबी राहिली. रणजीतचं लग्न हाय ना पुढच्या म्हयन्यात, तिथं मोठ्या साउंडवर लावू आपण. डीजेवाल्याला सांगून ठेवतो मी."

रणजीत म्हणजे त्याचा थोरला, जो तेव्हा अंगावर पीत होता तो. त्याच्याच लग्नात. थावराच्या आवाजात पाणी होतं, खोटं नव्हतं. तो खरोखर रडला होता आणि रडून त्याला बरं वाटलं होतं. त्याच्याखाली भिकाबाईनं हात जोडले.

याडीचा चेहरा सैल झाला. इतका वेळ तिनं श्वास धरला होता तो सोडला. "बग," ती म्हणाली, "सगळ्यांला आवडलं. तू उगंच डोक्यात राख घालून घेतलीस."

मला वाटत होतं अक्षरं कळत नव्हती म्हणून कुणी ऐकलं नाही. पेचकस घेऊन मी तीन दिवस नको त्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसले होते.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून रूपा ऐकू आली. लालसिंग मार्केटातून आला होता, त्यानं मोबाइलचा आवाज मोठा करून ठेवला होता. होळी, कडब्याची गंजी, हळद, सगळं त्या खोलीतून येत होतं. मी दाराच्या फटीतून बघितलं. तो खुर्चीत मागं रेलून ऐकत होता. मध्येच त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. माझं कडवं आलं, येऊ नको, या घरी येऊ नको. तो शांतपणे ऐकत राहिला. संपल्यावर मला ऐकू जाईल असा म्हणाला, "बोलायची लय. गळा मातर व्हता. तुला न्हाई तसला."

आणि परत पहिल्यापासून लावलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. रूपा याडीला सांगत होती, मग बापूला, मग दादाला. ती माझ्या नावावर आली आणि त्याच वेळी त्यानं तिच्यावरून हाक मारली.

"मिना! चहा टाक."

मी हलले नाही. त्यानं दुसरी हाक दिली. तिच्यात तो जुना आवाज होता, खांदा दुखत असला तरी तो आवाज दुखत नाही. याडीनं तो ओळखला. तिनं खाटेवरून वाकून माझ्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "जा बाई. बोलावून राहिले ते."

मी तिच्याकडं बघितलं. पंचाहत्तरची म्हातारी, गुडघे गेलेले, डोळ्यांत खरोखरची काळजी. माझीच काळजी करत होती ती. मला मार बसू नये असं तिला वाटत होतं.

"या वेळी तू जा," मी म्हणाले.

तिला वाटलं मी चेष्टा करते. मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि तिला कळलं. जावयासमोर ती कधी जात नाही, आमच्यात सासू जात नाही. तिनं डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला, खाटेचा कठडा धरला आणि उठायला लागली. पहिल्यांदा परत बसली. मी हात दिला नाही. दुसऱ्यांदा उठली आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. तिला गॅस पेटवता येत नाही. लायटरचा आवाज चार वेळा आला, पाच वेळा आला. पुढच्या खोलीतून तिसरी हाक आली, ती माझ्या नावानं होती, आणि आतून म्हातारी घाईघाईनं म्हणाली, "आणते, आणते, आलेच मी."